पायऱ्या बुजवणारी सुखीबाई

“मास्तर, तुमाले लिहिता येते न? मंग बसून काहून राह्यले?”

सुखीबाई माझ्याशी बोलली ते पहिलं वाक्य हे. साल अठ्ठावन्न, जुलै महिना. तालुक्याच्या जनपद सभेनं मला बोरी अरबपासून अडीच कोसांवरच्या एका बंजारा तांड्यावर एकशिक्षकी शाळेत पाठवलं होतं. शाळा म्हणजे तांड्याचा प्रमुख, हिरासिंग नायक, त्याच्या गोठ्याला लागून असलेली पडवी. पटावर सत्तावीस नावं, समोर नऊ पोरं. मी हजेरी घेत होतो आणि ही पन्नाशीची, उंच, उन्हानं रापलेली बाई दारात उभी राहून मला जाब विचारत होती. अंगात आरशांची काचोळी, पण त्यातले निम्मे आरसे केव्हाच गळून गेलेले.

“काय लिहू?” मी म्हणालो.

“बाकीचे पोट्टे काहून नाही आले, थे लिहा.”

तिनं मला हजेरीपुस्तकासकट उठवलं आणि तांडाभर फिरवलं. घराघरापुढं थांबून ती बोट दाखवी. “याच्या बापाच्या पायाले नारू. म्हणून बैलं हा चारते. हिच्या मायले नारू, म्हणून लेकरू ही सांभाळते. आन् हे आमचं घर.” तिच्या घराच्या ओट्यावर तिची सून लालीबाई पाय लांब करून बसली होती. घोट्याजवळ फोड फुटलेला. त्यातून दोऱ्यासारखा पांढरा किडा बाहेर आलेला आणि तो एका काडीला गुंडाळून ठेवलेला.

नारू आता कोणाला ठाऊक नाही, म्हणून सांगतो. हात-दीड हात लांब किडा माणसाच्या अंगात वर्षभर वाढतो आणि मग पाय फोडून बाहेर पडतो. रोज काडीला एखादा वेढा देऊन तो हळूहळू काढावा लागे. महिना जाई, कधी दोन. घाई केली की तो आतच तुटे आणि पाय टम्म सुजून माणूस खाटेला खिळे. उन्हाळ्यात निघायला लागे तो पेरणी-डवरणीपर्यंत चाले, म्हणजे शेतात प्रत्येक हात हवा असताना. त्या वर्षी चाळीस घरांच्या तांड्यात एकतीस माणसं पाय धरून बसली होती. आकडा मी मोजला, कारण सुखीबाईनं मोजायला लावला.

“एकतीस,” मी म्हणालो.

“मले काय सांगता? मले माहीत हाये. कागदावर लिहा. आमी तोंडानं सांगतलं तं कोणी ऐकत नाही.”

मी अर्ज लिहिला. तांड्याला पाण्याची नवी विहीर द्यावी, असा. लिहिला आणि पेटीत ठेवला. पाऊस होता, नाला भरला होता, तालुक्याच्या गावी, दारव्ह्याला, जायचं म्हणजे बोरीपर्यंत चिखल तुडवून मग मोटार. ती रोज सकाळी पडवीत डोकावून विचारी, “गेला का कागद?” बाविसाव्या दिवशी मी वैतागून म्हणालो, “बाई, जाईल ना.” ती म्हणाली, “कागदाले पाय राहते काय, मास्तर?” दुसऱ्या दिवशी मी निघालो. उत्तर डिसेंबरात आलं. सध्याची विहीर कोणत्या सर्व्हे नंबरात आहे ते कळवावे. तांड्यात कोणालाच ते माहीत नव्हतं. पटवाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, पुढच्या महिन्यात पाहू.

‘पाहू’ या शब्दाचा सुखीबाईला इतका तिटकारा होता, की तिच्यासमोर तो उच्चारायची सोय नव्हती. “अजून किती पाह्यता? डोये आले काय तुमचे?” असं ती नायकालासुद्धा म्हणे.

ती कोणी पुढारी नव्हती. नवरा देवसिंग जाऊन दहा वर्षं झालेली. एकुलता मुलगा रामधन दारव्ह्याच्या कापसाच्या जिनात कामाला, महिन्यातून दोनदा घरी यायचा. थोडी हलकी जमीन, दोन बैल, एक म्हैस, एक सून आणि सुनेचं तान्हं. तिला कोणी काही करायला नेमलेलं नव्हतं. पण स्वभावच असा, की दुसऱ्याचं छप्पर गळायला लागलं की झोप हिची उडे, आणि मग ही त्या घरच्यांची उडवी. यामुळं ती कोणाची लाडकी नव्हती. खरं सांगायचं तर सुरुवातीला माझीही नव्हती. ती वाटेनं येताना दिसली की मी फळ्याकडं तोंड करून उभा राही.

तांड्याची विहीर नाल्याच्या अंगाला होती. बावडी म्हणत तिला. काळ्या दगडाची, एका बाजूनं रुंद पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून तांडे मुलूखभर फिरत, त्या काळात त्यांच्याच पूर्वजांनी ती बांधली, असं सगळे सांगत. बाया पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभ्या राहत, घागरी बुडवून भरत. नारूचा पाय आग आग करतो, पाण्यात बुडवला की बरं वाटतं. त्यामुळं पाणी भरायला आलेली दुखणाईत बाई तिथंच घटकाभर पाय सोडून बसे.

सुखीबाईच्या डोक्यात पहिली शंका आली ती बोरीच्या बाजारात. वखराची पास, म्हणजे लोखंडी पातं, घडवून घ्यायला ती जब्बार मिस्त्रीकडं गेली होती. बाजारामागं त्याचं दुकान, गाड्यांचे आरे आणि तेलाची इंजिनं दुरुस्त करायचा. हा किस्सा पुढं तोच मला रंगवून सांगत असे.

“जब्बारभाई, तुमच्या मोहल्ल्यात नारू किती जनाले हाये?”

“नारू? अल्लाचा फजल, एकालेबी नाही.”

“काहून?”

“आता नाही, याले काय काहून राहते, बाई?” जब्बार हसला.

पण ती हसली नाही. पास तिथंच टाकून मोहल्ल्याची विहीर पाहायला गेली. कंबरेइतका कठडा, वर लोखंडी चाक, दोर आणि बादली. आत कोणाचा पाय जायचा प्रश्नच नाही. ती बराच वेळ तिथं उभी राहिली. पाणी भरायला आलेल्या हमीदाबीनं तिला चोर समजून हटकलं.

त्यानंतर फाल्गुनात देवीची लस टोचणारा माणूस तांड्यावर आला. सुखीबाईनं त्याला बसवून घेतलं आणि नारू कशानं होतो ते विचारलं. त्यानं सरळ सांगितलं, की नारूचा पाय पाण्यात बुडाला की किड्याची पिल्लं पाण्यात सुटतात, ते पाणी प्यालं की पोटात जातात, आणि वर्षानं पाय फोडून निघतात. पाण्यात कोणी उतरू नये आणि पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्यावं, एवढं केलं की संपलं.

सुखीबाई उसळली. “येवढंच? मंग इतके साल कोणी सांगतलं काहून नाही?”

“मी देवी टोचायले येतो, बाई. तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं.”

हे उत्तर तिनं मला कमीत कमी पन्नास वेळा ऐकवलं असेल, दरवेळी तितक्याच संतापानं.

नायकाच्या लिंबाखाली बैठक बसली. सुखीबाई बोलली. पायऱ्यांच्या तोंडाशी छातीइतकी भिंत घालायची, पलीकडच्या काठावर दोन खांब आणि चाक बसवायचं, वरूनच पाणी शेंदायचं. सगळ्यांनी माना हलवल्या. मग पूनमसिंग उठला. तांड्यातला धडधाकट, चाळिशीचा गडी, बोलण्यात पटाईत.

“आपल्या बापजाद्यांनी पायऱ्या कायले बांधल्या? तहानलेला माणूस असो, जनावर असो, खाली उतरून पाणी प्याले पाह्यजे म्हणून. थ्या बुजवाच्या? पाप लागंन.”

“बापजादे आज इथं तांडा टाकत, उद्या तिथं,” सुखीबाई म्हणाली. “आपन इथंच बसलो. तेच पानी, तेच पाय, साल न् साल. बापजाद्यांनी असं सांगतलं होतं काय, का पाय धुवून थेच पानी प्या?”

लोक हसले. हिरासिंग नायक भला माणूस, पण कोणालाच न दुखवणारा. तो म्हणाला, “दोघांचंही बरोबर हाये. पाहू.”

अशा तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत ठरलं, की सर्व्हे का काय तो नंबर सापडेपर्यंत थांबावं. सुखीबाई मध्येच उठली. “बसा बोलत,” म्हणाली, आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेकडं येत होतो, तर ती नाल्यातून डोक्यावर दगड घेऊन वर येताना दिसली. एकटी. यंदा पुन्हा नारू निघालेली लाली लंगडत मागं. बावडीच्या तोंडाशी सात-आठ दगड पडलेले. मी थांबलो, आता थांबल्यावर काहीतरी बोलावं लागणारच, म्हणून म्हणालो, “बाई, एकटीनं किती दिवस लागतील?”

“तुमी हात लावला तं कमी लागतीन.”

मी रविवारी येतो म्हणालो. रविवारी मला शाळेच्या कामानं दारव्ह्याला जावं लागलं. म्हणजे सोमवारी गेलो असतो तरी चाललं असतं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही.

एकट्या बाईला दगड वाहताना पाहून लोकांना लाज वाटली असेल, असं कोणाला वाटेल. तसं झालं नाही. लोक येत, पाहत, तिला याडी, म्हणजे त्यांच्या गोरबोलीत आई, म्हणून सल्ला देत. “पाया खोल घेजो, याडी.” “हा दगड इथं नाही बसत.” वीसेक जणांनी येतो म्हणून सांगितलं, आले सहा. त्यातले दोघं पाणी प्यायला गेले ते परत आलेच नाहीत. भिंतीला सतरा दिवस लागले.

चाकाचं काम जब्बारनं घेतलं. जिनातलं मोडकं चाक घासूनपुसून, आस घालून त्यानं बैलगाडीतून आणलं. खांबांवर आडवं लाकूड चढवायला दहा माणसं लागणार होती. हिरासिंगनं सकाळीच पाठवतो म्हणून सांगितलेलं. दुपार झाली तरी कोणी नाही. जब्बार बाभळीखाली बिड्या ओढत बसला, सुखीबाई घराघरातून ओरडत फिरली. कोणाकडं पाहुणे आले होते, कोणाची म्हैस व्यायला झाली होती. चार वाजता जब्बारनं गाडी जुंपली.

“सुखीबाई, तांडा तुमचा, नारू तुमचा, पायबी तुमचे. मी परक्या गावचा मानूस दिवसभर बसून हाओ. तुमच्या लोकाइले गरज नाही तं मले काय पडली?”

“तुमाले काही पडली नाही, तरीबी आले,” सुखीबाई म्हणाली. “याइले पडली हाये तरी येत नाही. आता सांगा, मी कोनाचं तोंड फोडू?”

जब्बार गाडी हाकून निघून गेला. पण चार दिवसांनी तो आपल्या शकीलला, म्हणजे धाकट्या भावाला, आणि मोहल्ल्यातल्या सात जणांना घेऊन आला. बाहेरगावचे लोक येऊन लाकूड चढवताना पाहिले, तेव्हा मात्र तांड्यातले गडी धावले. धावले ते इतके, की धरायला जागा उरली नाही आणि प्रत्येक जण ‘इकडून उचला, तिकडून उचला’ करू लागला. त्या दिवशी मीही होतो. एकोणसाठचा जून होता, पाऊस तोंडावर आलेला.

चाक फिरलं, पाणी वर आलं. सुखीबाईनं जुन्या फेट्याची फडकी फाडून घरोघर वाटली. रोज सकाळी ती माठांची तोंडं तपासत फिरे. फडकं एकेरी दिसलं की तिथंच उभी राहून दुहेरी करायला लावी. बाया दारं लोटून घ्यायच्या. ती दाराबाहेरून बोलायची.

आणि मग साठ सालचा उन्हाळा आला, आणि नारू निघाले. अठ्ठावीस.

मला हिशेब कळत होता. सुखीबाईलाही कळत होता. भिंत घातली ती जूनमध्ये, नारूचा हंगाम उलटून जाता जाता. लोकांच्या पोटात किडे गेले ते त्याआधीच्या पाण्यातून. ते वर्षभर वाढून आता निघत होते. या वर्षी काळजी घेतली तर फळ पुढच्या वर्षी. हे ती ज्याला त्याला समजावून सांगे. पण पाय फुटलेल्या माणसाला पुढच्या वर्षीचं सांगून काय उपयोग? लोक म्हणू लागले, पायऱ्या बुजवल्या म्हणून पूर्वज कोपले. कोणी मरीमायला बकरा कापायचं काढलं. सुखीबाई रस्त्यानं चालली की बाया मुद्दाम मोठ्यानं बोलत.

मे महिन्यात एका सकाळी पूनमसिंगनं पहार घेऊन भिंत फोडली. वरचे तीन थर पाडून बाईमाणसाला उतरता येईल एवढी वाट केली. त्याची बायको मोतीबाई तिथूनच खाली गेली आणि घागर भरून, घटकाभर पाण्यात पाय सोडून बसली. तिच्या दोन्ही पायांत नारू होते.

सुखीबाई धावत आली. मी तिथंच होतो, सकाळची शाळा नुकतीच सुटलेली. मला वाटलं आता डोकी फुटतात.

“काहून फोडली?” ती ओरडली.

“तिले एका पायावर उभं राहून दोर ओढता येत नाही,” पूनमसिंग म्हणाला. “चाकापाशी दोनदा पडली. खाली उतरून घागर बुडवणं तिले सोपं पडते. तुही भिंत धडधाकट बाईले ठीक हाये.”

सुखीबाईनं पडलेल्या दगडांकडं पाहिलं. मग म्हणाली, “आन् तू? तुह्ये हात झडले काय?”

“मी? बाप्यानं पानी भरावं?”

“भिंत फोडाले बाप्याचे हात चालते. घागर उचलाले चालत नाही!”

पूनमसिंग गेला पहार खांद्यावर टाकून. लोक पांगले. सुखीबाई त्या फुटक्या भिंतीवर बसली. खाली मोतीबाई पाण्यात पाय सोडून, घाबरून वर पाहत होती. मला वाटलं ही आता तिच्यावर तुटून पडेल. पण ती बसूनच राहिली. माझ्याकडं वळून, जरा हळू आवाजात म्हणाली, “मास्तर, मी येडी हाओ. भिंत घातली. पन जिचा पाय फुटला, तिच्या घरी पानी कोन आनंन, याचा विचारच नाही केला. थे बिचारी उतरंन नाही तं काय करंन?”

मग ती उठली, खाली गेली, मोतीबाईला बखोटीला धरून वर आणलं, तिची घागर रिकामी केली, चाकावरून नवं पाणी शेंदलं आणि तिच्या घरी पोचवलं. ज्या पूनमसिंगनं भिंत फोडली त्याच्याच माठात, फडकं दुहेरी करून, तिनं ते गाळलं. तो ओट्यावर बसून चिलीम ओढत होता. दोघांनीही एकमेकांकडं पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी ती घरोघर फिरली. या वेळी भाषण नव्हतं. प्रत्येक धडधाकट बाईला एक एक घर नेमून दिलं. “तुह्या शेजारच्या घरी नारू हाये. थ्या घरचं पानी सकाळी तू भरजो. तिचा नारू सरला आन् तुले निघाला का थे तुह्यं भरंन.” कोणी म्हणालं, आमचं-त्यांचं बोलणं नाही. ती म्हणाली, “बोलू नको. पानी भर.” कोणी म्हणालं, आम्हालाच पुरत नाही. ती म्हणाली, “मंग मी तुह्यंबी भरते, तू लाजजो.” त्यातल्या निम्म्या बायांनी भरलं. उरलेली घरं, पाच का सहा, ती आणि लाली मिळून भरत. फुटकी भिंत तिनं दोन दिवसांत पुन्हा लावली. या वेळी मी रविवारची वाट पाहिली नाही.

जूनच्या अखेरीला तिच्याच डाव्या टाचेवर फोड आला.

ती मला म्हणाली, “गेल्या सालचं पानी. आता निघून राह्यला.” रागानं म्हणाली, जणू किड्यानं मुद्दाम वेळ साधली. त्याच आठवड्यात रामधन तापानं पडला म्हणून निरोप आला आणि लाली लेकराला घेऊन दारव्ह्याला गेली. सुखीबाई एकटी उरली, फुटलेला पाय घेऊन. मोतीबाईच्या शेजारणीनं मोतीबाईचं भरायचं, तांड्यातल्या फुलचंदच्या बायकोनं अजून कोणाचं, असं तिनं सगळ्यांचं नेमून दिलं होतं. तिच्या घराला मात्र कोणी नेमलं नव्हतं. नेमणारी तीच ना.

सकाळी तिचा माठ कोरडा. कोणी येईल म्हणून ती दारात बसली. बाया पुढून घागरी घेऊन गेल्या. प्रत्येकीला वाटलं, हिच्याकडं दुसरं कोणी भरत असेल. दहा वाजले, बारा वाजले. पाऊस लांबलेला, जूनचं ऊन. ती काठी टेकत बावडीपर्यंत गेली. चाकापाशी दोर ओढून पाहिला, पाय खाली टेकवता येईना, बादली अर्ध्यातून सुटली. समोर भिंत होती. तिला ओलांडून उतरणं काही अवघड नव्हतं, तिनंच लावलेली, कुठं दगड कच्चा आहे ते तिला ठाऊक होतं. ती तिथं थोडा वेळ उभी होती, हे नाल्यापलीकडून बैल चारणाऱ्यानं पाहिलं. मग ती तशीच कोरड्या घशानं परत घरी आली, ओट्यावर बसली, आणि ओरडायला लागली.

मी शाळेत होतो. शाळेपर्यंत आवाज आला. गोरबोलीत सुरू झालं, मग माझ्यासारख्या परक्यालाही कळावं म्हणून की काय, वऱ्हाडीत. “चाळीस घरं! चाळीस घरांत एक घागर नाही! सतरा दिवस दगड वाह्यले! तुमच्या माठाइचे तोंडं बांधून बांधून माह्ये हात दुखले! आता मी मरते इथं तहानेनं, मंग या सगळे घागरी घेऊन, माह्या मढ्याले अंघोळ घालाले!”

पोरांना सोडून मी धावलो. माझ्या घरची बादली घेतली आणि निघालो. तर वाटेत माझ्यापुढं मोतीबाई, अजून लंगडत, पण घागर घेऊन. तिच्यामागं फुलचंदची बायको. पलीकडून आणखी तिघी. हिरासिंग नायकानं स्वतःच्या म्हाताऱ्या आईला पाठवलं होतं. आणि मग, सगळ्यांच्या मागून, खांद्यावर घागर घेऊन पूनमसिंग. बाप्यानं पाणी भरल्याचं त्या तांड्यात मी प्रथम पाहिलं. तो कोणाकडं न पाहता आला आणि घागर ठेवून उभा राहिला.

सुखीबाईचा माठ भरला. दोन घागरी भरल्या. तपेली, परात, लेकराच्या दुधाची कासंडी, सगळं भरलं. तरी तीन घागरी उरल्या. ती पोटभर पाणी प्याली, तिनं तोंड पुसलं आणि पुन्हा सुरू झाली.

“येका दिवशी सात घागरी! उद्या काय करू? ठेवाले जागा नाही. तुमाले पाळी लावता येत नाही काय? एक आज, एक उद्या! इतकीबी अक्कल मीच द्याची काय?”

मोतीबाई म्हणाली, “आज कोन भरंन थे तूच सांग न, याडी.”

“मी काहून सांगू? तुमाले तोंडं नाही?”

तेव्हा हिरासिंगच्या आईनं तिथंच बसून बोटांवर घरं मोजली आणि पाळी लावली. पुढं ती पाळी मोडली, जुळली, भांडणं झाली, पुन्हा जुळली. पण दुखणाईत बाईला घागर घेऊन पाण्यात उतरावं लागलं असं त्यानंतर मी ऐकलं नाही. सुखीबाईचा नारू एकवीस दिवसांनी सरला. मोतीबाई रोज येऊन काडीला वेढा द्यायची, कारण सुखीबाईला स्वतःला धीर नव्हता, ती ओढून तोडून टाकेल अशी सगळ्यांना खात्री होती.

एकसष्टच्या उन्हाळ्यात तांड्यात चार नारू निघाले. चारही घरं अशी, की भिंत फुटली त्या दोन-तीन दिवसांत तिथूनच खाली उतरून पाणी भरलेली, आणि माठावर फडकं न बांधणारी. पूनमसिंगच्या घरी मात्र कोणाला काही झालं नाही. याची सुखीबाईला फार चीड होती. “सगळ्यात आधी त्याले निघाले पाह्यजे होता,” ती मला म्हणाली. मी म्हणालो, त्याच्या माठावर दुहेरी फडकं तुम्हीच बांधलं होतं. तिनं माझ्याकडं खाऊ की गिळू अशा नजरेनं पाहिलं.

बासष्टला एकही निघाला नाही. पेरणीला तांडा रिकामा झाला, सगळे शेतात. माझ्या पडवीत पोरांना बसायला जागा पुरेना, ती एक वेगळीच आपत्ती. लोकांनी नारू गेल्याचं श्रेय मरीमायच्या बकऱ्याला दिलं. सुखीबाई म्हणाली, “बकरा तुमीच खाल्ला, मंग मायनं कायले ऐकावं?”  पुढच्या साली जिल्हा परिषदेचे लोक येऊन सर्व्हे नंबर विचारून गेले. पाच वर्षांपूर्वीच्या माझ्या अर्जावर म्हणे कारवाई सुरू झाली होती.

त्रेसष्टच्या मार्गशीर्षात एका दुपारी चार कोसांवरच्या दुसऱ्या तांड्याच्या दोन बाया आल्या. एकीचं नाव तानाबाई होतं. सुखीबाईच्या ओट्यावर बसल्या. त्यांच्याकडंही पायऱ्यांची बावडी, गेल्या उन्हाळ्यात पन्नासावर माणसं खाटेवर. कोणी ऐकत नाही म्हणाल्या. नायक पाहू म्हणतो. तू येशील का, विचारलं.

सुखीबाई तूर निवडत होती. तिनं सूप आपटलं.

“मी काहून येऊ? मी सरकार हाओ काय? तुमच्या तांड्यात मानसं नाही? माह्यं वय झालं, पाय दुखते, म्हैस कोन पाहीन? इथल्या लोकाइच्या मागं पाच साल भुंकून भुंकून माह्या घसा बसला. आता तिथं येऊन भुंकू? एक एक बाई घरोघरी फिरा न तुमी! दगडं उचला. दोघी हाये न! म्या एकटीनं सुरू केलं.”

त्या दोघी खाली मान घालून ऐकत होत्या. लाली आतून पाणी घेऊन आली. तानाबाई उठायला लागली.

“बसा,” सुखीबाई म्हणाली. “उन्हाचं कुठं जाता?”

मग आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, लालीशी काहीतरी वाद झाला, म्हशीचं, धारेचं. बाहेर आली तेव्हा काखेत गाठोडं होतं आणि हातात काठी. मी शाळेच्या पडवीतून पाहत होतो. तिनं मला हाक मारली.

“मास्तर, आठ दिवस नाही मी. मोतीबाईच्या घरचे माठ पाह्यजा. थे फडकं एकेरी करते, मले माहीत हाये.”

आणि त्या दोघींच्या पुढं, त्यांनाच भराभर चालत नाही म्हणून रागावत, ती नाल्याच्या वाटेला लागली.